भिलाईला नेलेल्या बाटल्या

आमच्या पुलगावकडून लोक भिलाईला जातात ते नोकरीसाठी, नाहीतर कोणाच्या लग्नाला किंवा मयतीला. मी गेले ती काचेच्या काही बाटल्या आणि चिमूटभर मीठ घेऊन. गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, पिशवीत काय आहे एवढं मांडीवर घेऊन बसण्यासारखं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पिशवीकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचा डबा उघडताना तो माझ्यापासून थोडा लांब धरला. लोकांना खरं सांगितलं की ते असे सावध होतात.

हे मीठ खायचं नाही. रसायनशास्त्रात त्याला आयनिक लिक्विड म्हणतात. साधं मीठ वितळवायचं तर भट्टी लागते. हे मीठ चहाचं पाणी उकळतं त्याच्याही आत वितळतं. माझ्या मिठाच्या एका कणाला धन भार असलेलं डोकं आहे आणि चौदा कार्बनांची लांब शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. त्यामुळे ते थोडंफार साबणासारखं वागतं. पाण्यात थोडं टाकलं तर कण वर जाऊन पृष्ठभागावर उभे राहतात, शेपटी हवेत. आणखी टाकलं, वरची जागा भरली, की मग पाण्यातच एकमेकांच्या जवळ येतात आणि शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करून बसतात. कोणी सांगत नाही, कोणी ढवळत नाही. किती टाकल्यावर हे गोळे होतात, तो आकडा शोधणं म्हणजे माझ्या पीएचडीचं चौथं प्रकरण.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रेल्वेत रुळांवर काम करायचे, आईची शाळा चौथीत सुटली. हे मी मिरवते, मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते. पण त्याचा एक त्रास असा की माझं काही चुकलं तर घरात कोणाला विचारायची सोय नसते. आणि त्या हिवाळ्यात माझं काही तरी अडलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने तो आकडा मिळाला होता, पण माझे गाईड म्हणाले की दुसऱ्या पद्धतीनेही तोच यायला हवा. पाण्याचा पृष्ठताण मोजायचा. आलेख खाली उतरत येऊन एका जागी वळावा आणि सपाट जावा. वळणापाशी खड्डा पडला तर मीठ अशुद्ध, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बनवायचं. प्रबंधाची मुदतवाढ मी एकदा घेऊन चुकले होते. दुसरी मिळत नाही. खड्डा पडला असता तर चौथं प्रकरण गेलं असतं, आणि त्याच्याविना बाकीचं उभं राहत नव्हतं.

पृष्ठताण मोजायचं यंत्र भिलाईच्या एका कॉलेजात होतं. तिथल्या साहू सरांनी सोमवार-मंगळवार दिला. बुधवारपासून यंत्र दुसऱ्या लोकांकडे जाणार होतं. काचेचं सामान आपलं आणा, एवढंच त्यांनी बजावलं होतं.

रिसाली

दुर्गला मामाजी स्कूटर घेऊन आले होते. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, आयुष्य काढलं. आता क्वार्टर सोडून रिसालीत स्वतःचं दोन खोल्यांवर एक मजला असं घर बांधून राहतात. ज्यांनी भिलाई पाहिली नाही त्यांना वाटतं सगळीकडे धूर असेल. मलाही वाटलं होतं. पण कारखान्याच्या वसाहतीच्या सेक्टरांमधून स्कूटर गेली ती दोन्ही बाजूंच्या मोठ्या झाडांखालून. रस्ते आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीत एवढे रुंद. मामाजी प्रत्येक चौकात सांगत होते, इथे पहले ये था, वहाँ वो था. ते मराठीत सुरू करतात आणि वळणावर हिंदीत जातात. त्यांचा नातू तर पूर्ण हिंदीतच बोलतो, फक्त भूक लागली की आजीला मराठीत हाक मारतो.

आत्या दारातच उभी होती. नमस्काराला वाकले तर तिने वरच्या वर धरलं आणि दंड दाबून पाहिला.

"हे का, हाडं घेऊन आली तू? शिकता शिकता जेवणं सोडलं का, प्रज्ञा?"

जेवायला भात होता. सकाळी भात, संध्याकाळी भात. आम्ही ज्वारीची माणसं, दुसऱ्या दिवशीच मला भाकरीची आठवण यायला लागली. पण तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, आणि वर टमाटरची चटणी, हे मात्र मी घरी येऊनही करते. आत्या चटणीत आपला वऱ्हाडी ठेचा मिसळते. शेजारणी म्हणतात, मराठीनबाईचा चीला खाल्ला की कानातून धूर निघतो.

आत्याच्या घराची एक रीत आहे, ती मी पहिल्याच संध्याकाळी पाहिली. शेजारी वाटीभर भाजी द्यायची होती. वाटी धुतलेलीच होती. आत्याने ती पुन्हा घेतली, साबण लावून काथ्याने घासली, धुतली, पुन्हा घासली, उजेडात धरून पाहिली आणि मग भाजी घातली. मामाजी म्हणाले, नोकरीत असताना त्यांचा डबाही असाच दोनदा घासला जायचा. बॅटरीवर, म्हणजे भट्ट्यांच्या रांगेवर, सगळ्यांचे डबे काळे, यांचा आरसा. लोक त्यात पाहून भांग पाडायचे.

मी आत्याला सहज विचारलं, एवढं कशाला.

"घरातलं भांडं घरात कसंबी चालते," ती म्हणाली. "बाहेर जाणाऱ्या भांड्यात आपला चेहरा दिसला पायजे. कोणाले बोट ठेवाले जागा नाही पायजे."

 हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्या आजीला गावात पाणी वरून ओतून मिळायचं आणि चहाची कपबशी तिची वेगळी, गोठ्याच्या वळचणीला उपडी ठेवलेली. आत्या त्या आजीची लेक.

उतईचा बाजार

रविवारी कॉलेज बंद. सकाळी आत्या मला विहारात घेऊन गेली आणि वंदना झाल्यावर प्रत्येकीला सांगितलं की भाची डॉक्टर होऊन राहिली. लगेच दोघींनी गुडघे पुढे केले. मी म्हटलं, मी सुया टोचणारी डॉक्टर नाही. तर एकजण समजूत घालत म्हणाली, होईल, होईल, अजून वय आहे.

दुपारी मामाजी उतईला बाजाराला निघाले, मी मागे बसले. आत्या म्हणाली, तुमी जा, मी घर आवरते. रिसाली संपली की धानाची रिकामी शेतं लागतात, कापणी होऊन गेलेली, कुठे कुठे तिवऱ्याची हिरवी चादर. तिवरा म्हणजे आपली लाखोळी. आपल्याकडे डाळीसाठी, इथे कोवळा पाला खुडून भाजी करतात, आणि बाजारात त्याचे ढीग घेऊन बसलेल्या बायका एवढ्या गोड आवाजात 'ले जा दीदी' म्हणतात की मी गरज नसताना दोनदा घेतली.

चहाच्या टपरीवर मामाजींनी विचारलं, "आता मले सांग. नेमकं का करून राहिली तू?"

मी सांगितलं, वर लिहिलं तसंच. एकेकटे कण, मग गर्दी, मग गोळे. ते चहा थंड होईपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, हे तर आमच्यासारखंच झालं. पहिले विदर्भातून एकेकटे आले, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मग संख्या वाढली आणि एक दिवस पाहिलं तर वस्ती झाली, विहार झाला, लग्नं जुळायला लागली.

उदाहरण छान होतं, पण मी ते तसंच सोडू शकले नाही. शिक्षणाने मला हीच सवय लावली आहे. मी म्हटलं, मामाजी, अर्धंच बरोबर आहे. हे कण एकमेकांच्या ओढीने जवळ येत नाहीत. शेपट्यांना पाणी सामावून घेत नाही, ते त्यांना ढकलतं. जायला दुसरी जागा नाही म्हणून त्या एकमेकींना धरतात.

मामाजींनी ग्लास खाली ठेवला.

"मंग पूर्णच बरोबर हाय," ते म्हणाले. "आमाले का प्रेमानं एकत्र आणलं कोणी?"

मी बऱ्याच वेळा विद्यार्थ्यांना हा विषय समजावला आहे. त्या दिवसानंतर मी तो थोडा वेगळ्या क्रमाने समजावते.

परत आलो तर आत्याने घर चकचकीत केलं होतं. माझी बॅगही लावून ठेवली होती. बाटल्या एकेक करून नातवाच्या जुन्या मऊ दुपट्यात गुंडाळलेल्या. मी आणल्या होत्या त्यापेक्षा नीट. मला बरं वाटलं.

सोमवार

साहू सर बारीक अंगाचे, बिनबाह्यांच्या स्वेटरमधले, कमी बोलणारे. त्यांनी आधी नुसतं पाणी मोजून दाखवलं. प्लॅटिनमची नाजूक कडी ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, थंड झाली की पाण्यात बुडवायची, आणि ती वर ओढताना पाणी तिला किती धरून ठेवतं ते पाहायचं. त्यांच्या भांड्यातल्या पाण्याचा आकडा पुस्तकातल्यासारखा आला. मग मी माझ्या फ्लास्कमध्ये, म्हणजे आणलेल्या त्या लांब मानेच्या बाटलीत, मीठ विरघळवलं आणि थोडं थोडं पाण्यात घालत गेले.

आलेख उतरत आला. सुंदर उतरला. ज्या जागी वळावा असं मी वर्षभर मनात धरलं होतं तिथे पोचला, आणि वळण्याऐवजी खाली खचला, मग पुन्हा वर आला.

सर पडद्याकडे वाकले.

"गड्ढा आ रहा है, मैडम. सैंपल प्योर नहीं लगता."

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा खड्डा, थोडा अधिकच खोल. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले की असं होतं, बनवताना काही तरी राहून जातं. मला राग आला, कोणाचा ते कळेना. ते मीठ मी बनवलं होतं, कितीदा धुतलं होतं, स्फटिक पुन्हा पुन्हा करून काढले होते. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आमच्या घरात कोणी सहज वापरत नाही. प्रयोगशाळेत ते रोज वापरावे लागतात आणि मी स्वतःला सांगून ठेवलं आहे की इथे त्यांचा अर्थ फक्त रसायनापुरता आहे. त्या दिवशी तसं वाटलं नाही. वाटलं, माझ्या हाताचं म्हणून बोट ठेवलं.

संध्याकाळी घरी आले. आत्याने तिवऱ्याची भाजी केली होती, मी भातात बोटं फिरवत बसले.  मामाजींनी विचारलं, काम झालं का. मी म्हटलं, नाही, माझं मीठ खराब निघालं बहुतेक. आणि उठून मोरीपाशी गेले, फ्लास्क निदान पाण्याने खळबळून ठेवावे म्हणून.

आत्याने माझ्या हातातून फ्लास्क काढून घेतला.

"ठेव तो. मी घासते ना. रविवारीबी मीच घासल्या. मान एवढी लांब ठेवली मेल्यांनी, हात जात नाही. पोराच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश घेतला तवा कुठं साबण आत गेला."

मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगते, पृष्ठताण मोजायच्या काचेला साबण म्हणजे काय. माझ्या मिठाचं डोकं धन आणि भांड्याच्या साबणाचं डोकं ऋण. दोघं भेटले की घट्ट चिकटतात आणि वरची सगळी जागा बळकावतात. काचेला चिकटून राहिलेला, डोळ्याला न दिसणारा साबणाचा अंश पुरतो. मग गोळे तयार झाले की ते त्या जोडीला आत ओढून घेतात आणि पृष्ठभाग पुन्हा मोकळा होतो. आलेखात तो खड्डा दिसतो. माझं मीठ खराब नव्हतं, किंवा निदान अजून ते ठरलेलं नव्हतं. प्रकरण वाचवण्याची वाट पुन्हा उघडली होती आणि हातात एक दिवस होता.

आता आत्याला सांगायचं की नाही. मी आडपडदा ठेवणारी नाही आणि ठेवला असता तरी बाटल्या पुन्हा घासल्या गेल्या असत्या. मी सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं.

आत्याचे ओले हात तसेच राहिले.

"म्हंजे," ती म्हणाली, "माह्या हातानं बाटलं?"

मामाजी जेवायचे थांबले. मला त्या क्षणी पीएचडी नको होती. मी तिचे हात धरले, साबण लागलेले, आणि म्हटलं, आत्या, हाताचा काही संबंध नाही. साबणाचा आहे. साबण आणि माझं मीठ एकाच खानदानातले. भाऊ भेटला की माझं मीठ काम सोडून त्याच्याशी बोलत बसतं. तू घासल्यास म्हणून नाही. तिथल्या सरांनी साबणाने धुतल्या असत्या तरी खड्डा पडला असता. आणि खरं सांगू, आमच्या धुण्यात घासायचंच नसतं.

"घासाचंच नाही?" तिला हे पटेना. "मंग कोणत्या तोंडानं स्वच्छ म्हणता?"

मी म्हटलं, उद्या दाखवते.

हे मी बोलून गेले. पण आत्याने ते धरून ठेवलं. मामाजी म्हणाले, घेऊन जा बाई तिले, नाही तर ती मले झोपू देणार नाही.

मंगळवार

इतकी वर्षं भिलाईत काढून आत्या कुठल्याच कॉलेजच्या फाटकातून आत गेली नव्हती. तिने विहारातली पांढरी साडी नेसली होती. साहू सर दारातच थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

वाटेत मी ठरवत होते की काय सांगायचं. काचेला काही लागलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आत्या शेजारी उभी असताना मला तिला लपवायचं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, ये मेरी बुआ हैं. बोतलें इन्होंने साबुन से धो दी थीं. आज फिर धोएँगी, बिना साबुन के."

सरांनी कपाळावर हात मारला, हसले नाहीत. कालचा खड्डा आठवून मान हलवत म्हणाले की हे आपल्यालाच सुचायला हवं होतं, तुमच्या फ्लास्कमधलं नुसतं पाणी आधी मोजायचं होतं. मग आत्याला छत्तीसगडी जय जोहार केला, आत्याने जय भीम म्हटलं, आणि त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं. ती त्यावर बसली नाही.

साबणाच्या जागी आमच्याकडे तेजाब, म्हणजे जळजळीत आम्ल असतं; ते काम मी हातमोजे घालून केलं. नंतर शुद्ध पाण्याने खळबळायचं काम आत्याचं. तिला खूण सांगितली. फ्लास्क उपडा केल्यावर पाणी काचेवरून अखंड पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. थेंब वेगळे होऊन चिकटले तर अजून काही तरी राहिलंय. आत्याने पहिला फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला, अगदी वाटी धरते तसा.

"पाणी तुटून राहिलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे परत दिला. पुन्हा तेजाब, पुन्हा पाणी. साहू सरांना घाई होती, दुपारी त्यांचा वर्ग होता. त्यांनी एकदा म्हटलं की एवढं पुरे. आत्याला हिंदी चांगलं कळतं. तिने ऐकलंच नाही.

शेवटी सरांनी माझ्या फ्लास्कमधलं नुसतं पाणी मोजलं. पुस्तकातला आकडा आला. मग मीठ. थेंबाथेंबाने आलेख उतरत आला, वळणापाशी पोचला. मी पडद्याकडे पाहणं सोडून आत्याकडे पाहत होते, कारण पडद्याकडे पाहवत नव्हतं. पुढचा आकडा सरांनी मोठ्याने वाचला. त्याच्या पुढचा तोच. त्याच्या पुढचाही जवळजवळ तोच. आलेख वळला आणि सपाट गेला, उतईच्या रस्त्यासारखा. वळण जिथे पडलं, तो आकडा आमच्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या शेजारीच होता.

"खड्डा?" आत्याने विचारलं.

"नाही."

तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. मग ती स्टुलावर बसली.

परत

बुधवारी निघाले. चौथं प्रकरण आता गाईडकडून पुढे गेलं आहे, त्यांनी आलेख पाहून फक्त मान हलवली, आणि त्यांच्या बाबतीत ते खूप झालं. ज्यांना भिलाईला जायचं असेल त्यांनी थंडीत जावं, उतईचा बाजार रविवारी पाहावा आणि तिवऱ्याची भाजी गरम भाताबरोबर खावी.

दुर्गला स्टेशनवर आत्याने हातात स्टीलचा डबा दिला. बेसनाची खारी ठेठरी आणि गुळाची गोड खुरमी, इथल्या शेजारणींनी तिला शिकवलेल्या. डबा घेतला आणि काही तरी वेगळं वाटलं. स्टील मंद होतं, बुडाशी जुन्या तेलाचं पुसट वर्तुळ.

आत्याने माझी नजर पाहिली.

"साबण नाही लावला," ती हळूच म्हणाली, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहून. "नुसत्या उकळत्या पाण्यानं धुतला. तुह्या कामात अडचण नको."

गाडी आली होती. आत्या, डब्याला चालतो साबण, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या घरातून चेहरा न दिसणारं भांडं बाहेर पडत होतं, माझ्यासाठी, आणि ते परत ढकलायची माझी हिंमत झाली नाही. गोंदिया येईपर्यंत तो डबा मी मांडीवर धरून बसले होते, बाटल्या वर फळीवर.

पुलगावला खुरम्या संपल्या. या आठवड्यात आमच्याकडचे एकजण भिलाईला लग्नाला निघाले आहेत. काल मी डबा घेतला, साबण लावला, काथ्याने घासला, धुतला, पुन्हा घासला. आई म्हणाली, किती घासशील. मी तो खिडकीशी नेऊन धरला. चेहरा दिसला तेव्हा त्यात ज्वारीच्या पिठाचे लाडू भरले आणि झाकण लावलं.